‘मोफत नस तपासणी’ आणि माझ्या वडिलांचे बेचाळीस हजार

सोसायटीच्या हॉलबाहेर ‘मोफत नस तपासणी शिबिर’ असा फलक लागला असेल आणि तुमच्या घरात कुणाला मधुमेह असेल, तर आत जाण्याआधी हे वाचा. भांडुपला अशाच शिबिरात आमच्या अण्णांना गाठलं. तक्रार चालू आहे म्हणून नाव लिहीत नाही, पद्धत मात्र सविस्तर सांगते.

अण्णा बेस्टमधून निवृत्त झालेले, माळकरी, साखरेचा त्रास जुना. वर्षभर त्यांचे तळपाय जळत होते, रात्री जास्तच. चादर पायाला लागलेली सहन होत नसे, आणि दिवसा चालताना चप्पल निसटली तरी त्यांना कळत नसे.

शिबिरात पांढरा कोट घातलेला एक तरुण होता. समोर लॅपटॉप, त्याला वायरीने जोडलेली धातूची दांडी. ती मुठीत धरायची, की मिनिटभरात छापील रिपोर्ट बाहेर. लिव्हर, किडनी, हाडं सगळं त्यात, आणि लाल अक्षरांत ‘नसांचा ब्लॉकेज ७८ टक्के’. अण्णांना मोजे काढायलाही कुणी सांगितलं नाही. पायांची तक्रार घेऊन आलेल्या माणसाचे पाय न बघता निदान झालं!

इथे ‘नस’ म्हणजे मज्जातंतू, आणि मज्जातंतू म्हणजे रक्ताची नळी नव्हे, तो तुंबत नाही. तो दाबला जातो, झिजतो. साखर वर्षानुवर्षं वाढलेली राहिली की तंतूंना आणि त्यांना पोसणाऱ्या बारीक रक्तवाहिन्यांना इजा होते. कमरेपासून पायाच्या बोटांपर्यंत जाणारे तंतू सर्वांत लांब, म्हणून त्रास आधी तिथे सुरू होतो, बहुधा दोन्ही पायांना सारखाच, आणि मोजा चढवावा तसा वर सरकतो. मुठीत दांडी धरून यातलं काहीही कळत नाही.

मग भीती घातली. “काका, आत्ता हलगर्जी केलीत तर पाय कापावा लागेल.” मधुमेहात जखमा चिघळून तशी वेळ येऊ शकते हे खरं आहे, म्हणूनच ही भीती बरोबर लागते. पुड्या आणि पायांना गरम शेक देणारं यंत्र असा तीन महिन्यांचा कोर्स, ४२ हजार रुपये, ‘आजच भरलेत तर’. वर सल्ला असा, की मेटफॉर्मिन ही साखरेची गोळी बंद करा, त्याने किडनी जाते. माझ्या मते हा सल्ला पैशांच्या लुटीपेक्षा मोठा गुन्हा आहे.

पुड्यांनी अण्णांना खरंच बरं वाटलं. गुडघेसुद्धा दुखायचे थांबले, भूक वाढली. पुढे चेहरा सुजल्यासारखा दिसू लागला आणि साखर ३८० वर गेली. असल्या पुड्यांत स्टिरॉइड मिसळलेलं असू शकतं, असा संशय नंतर डॉक्टरांनी बोलून दाखवला. स्टिरॉइडने दुखणं दबतं, साखर भडकते. काही भस्मांत शिसं किंवा आर्सेनिक सापडतं, आणि ही दोन्ही विषं स्वतःच मज्जातंतू खराब करतात.

शेकाने तर टाचेला मोठा फोड आला. अण्णांना चटका कळलाच नाही, आईने पाय पुसताना तो पाहिला. जळजळणारा पाय बधिरही असतो. अशा पायाला गरम पिशवी, गरम पाणी, शेक काहीही देऊ नका.

परळला केईएमच्या ओपीडीत दिवस मोडला, पण खरी तपासणी तिथे झाली. डोळे मिटायला लावून नायलॉनचा बारीक धागा तळव्याला टेकवला. ट्युनिंग फोर्क, म्हणजे थरथरणारा धातूचा चिमटा, अंगठ्याच्या हाडावर ठेवला. अंगठा वर की खाली, हे ओळखायला लावलं. मग रक्त: एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर), बी१२ जीवनसत्त्व, थायरॉइड, क्रिएटिनिन (किडनीसाठी). बी१२ फारच कमी निघालं. मेटफॉर्मिन बरीच वर्षं घेतल्यावर ते नीट शोषलं जात नाही, त्यात अण्णांचा शाकाहार. उपाय होता इंजेक्शनांचा, गोळी बंद करण्याचा नव्हे. रात्रीच्या जळजळीसाठी प्रेगाबालिन दिलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “दुखणं कमी होईल. बधिरपणा पूर्ण जाईल असं वचन देणार नाही.”

मुंग्या आणि बधिरपणामागे दारू असू शकते, क्षयावरचं आयसोनियाझिड असू शकतं, केमोथेरपी असू शकते, कुष्ठरोगही असू शकतो. या सगळ्यांवर एकच कोर्स चालवणारा माणूस तपासत नाही, विकतो. आणि पायांतली ताकद काही दिवसांत भराभर जाऊन अशक्तपणा वर चढू लागला, तर ओपीडीची वाट न पाहता थेट इमर्जन्सी गाठा.

पैसे मागायला गेलो तेव्हा पावतीवर ‘वेलनेस सेवा, परतावा नाही’ एवढंच छापलेलं दाखवलं. मधुमेह बरा करतो अशी जाहिरात करायला १९५४ च्या औषधे व जादूई उपाय कायद्याने मनाई आहे. त्यांचं पत्रक आम्ही जपून ठेवलं होतं, त्याच आधारावर वांद्रे-कुर्ला संकुलातल्या अन्न व औषध प्रशासनाकडे अर्ज दिला, उरलेल्या पुड्या सोबत जोडल्या. ग्राहक हेल्पलाइन १९१५ वरही तक्रार नोंदवली आहे. तुमच्याकडे अशा शिबिराचं पत्रक, छापील रिपोर्ट, यूपीआयची नोंद किंवा रिकामी पुडी असेल तर टाकून देऊ नका, अर्जाला हेच जोडावं लागतं.