तान्ह्या बाळाची पित्तनलिका: दुर्बिणीतून की पोट उघडून?

निपाणी-खानापूरकडे तान्ह्या बाळाचं पित्तनलिकेचं (यकृतातलं पित्त आतड्यात नेणाऱ्या नळीचं) ऑपरेशन निघालं की घरातलं कुणीतरी विचारतंच, 'दुर्बिणीतून होईल ना?' त्याआधी आजार नेमका कोणता ते विचारा.

नलिका बंद असेल, म्हणजे बिलियरी अट्रेसिया, तर दुर्बिणीचा हट्ट नको. मोरिओ कसाई या जपानी सर्जनांनी १९५९ मध्ये मांडलेल्या ऑपरेशनात बंद नलिका काढून आतडं थेट यकृताला जोडतात. दुर्बिणीतूनही ते करून पाहिलं गेलं, पण जर्मनीतल्या अभ्यासात निकाल उणे दिसल्याने तो मध्येच थांबवला. बहुतेक ठिकाणी आजही पोट उघडूनच करतात. इथे व्रणापेक्षा वय महत्त्वाचं: ६० दिवसांच्या आत झालं तर पित्त वाहू लागण्याची शक्यता जास्त. आपल्याकडे सव्वा महिना बाळ-बाळंतीण उंबरा ओलांडत नाहीत, कावीळ कोवळ्या उन्हावर सोडतात, आणि निम्म्याहून अधिक मुदत तिथेच संपते. दोन आठवड्यांनंतरही डोळे पिवळे असतील तर रक्तातलं डायरेक्ट बिलिरुबिन (पित्त अडलं की वाढणारं) तपासून घ्या. शी पांढुरकी होत असेल तर एक दिवसही थांबू नका.

नलिका फुगलेली असेल (कोलेडोकल सिस्ट), तर मात्र खरोखर निवड करता येते. आतलं काम दोन्हीकडे तेच: फुगलेला भाग पित्ताशयासकट काढायचा आणि वरची नलिका आतड्याला जोडायची. दुर्बिणीत पोटावर तीन-चार बारीक छिद्रं पडतात, दुखणं कमी, दूध लवकर सुरू, घरीही लवकर. पण वेळ जास्त लागतो, आणि काही मिलिमीटर रुंदीच्या नलिकेला आतल्या आत टाके घालणं फार थोड्यांना साधतं. जोड गळला किंवा पुढे आखडला तर बारीक व्रणाचं काय कौतुक? म्हणून सर्जनना स्पष्ट विचारा: एवढ्या लहान बाळांची किती केलीत, आणि किती वेळा मध्येच पोट उघडावं लागलं? उत्तर मोघम आलं तर मी उघड्या ऑपरेशनचा मुरलेला हात निवडेन. पुढे वर्षानुवर्षं सोनोग्राफी दोन्हीकडे चुकत नाही.

सिस्टला बहुधा थोडी सवड मिळते, त्यामुळे बेळगावात जमत नसेल तर साडेतीनशे किलोमीटरवरचं पुणं परवडतं. बेंगळुरू पाचशेवर.

पैशांसाठी आयुष्मान भारत आरोग्य कर्नाटक आहेच. शिवाय महाराष्ट्राने सीमाभागातल्या ८६५ गावांना महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना जाहीर केली आहे (सीमावादाचा एवढा तरी उपयोग). गाव यादीत आहे का आणि तुम्ही निवडलेल्या रुग्णालयात हे ऑपरेशन योजनेत बसतं का, हे निघण्याआधी फोनवर विचारून घ्या.