हावडा ब्रिज: पायी ओलांडावा की लाँचमधून बघावा?

कोलकात्यात मी चार वर्षं राहिले. त्या काळात पुण्याहून, नागपूरहून जे कोणी पाहुणे आले त्यांची पहिली फर्माईश ठरलेली असायची, हावडा ब्रिज. मी विचारायचे, "चालून बघायचाय की पाण्यावरून?" बहुतेकांना हा प्रश्नच कळायचा नाही. पूल तो पूल, कुठूनही बघितला तरी तोच, असं वाटायचं. पण पुलावर उभं राहिलं की पूल नजरेत मावत नाही. दिसतात ती माणसं. आणि लाँचमधून पूल अख्खा दिसतो, तर वरची माणसं मुंग्यांएवढी होतात. हाताशी एकच दिवस असेल तर यातलं काय निवडायचं, हे आधी ठरवलेलं बरं.

मुंबईहून गीतांजलीने किंवा पुण्याहून आझाद हिंदने आलात तर हावडा स्टेशनातून बाहेर पडताच पूल समोर येतो. दीड दिवसाच्या प्रवासाने अंग आंबलेलं असतं, हातात बॅगा असतात, आणि लोक तिथेच 'बघून घेतला' म्हणून टॅक्सीत बसतात. तसं करू नका. टॅक्सीतून पूल म्हणजे काचेपलीकडे सरकणारे लोखंडाचे पट्टे आणि पुढच्या बसचा धूर. पिवळ्या टॅक्सीचा हट्ट असेल तर ती हौस जरूर करा, त्या गाड्या झपाट्याने कमी होत चालल्या आहेत. पण ते पूल बघणं नव्हे.

मेट्रोचंही तसंच. मार्च 2024 पासून हुगळीच्या पात्राखालून मेट्रो धावते. हावडा ते महाकरण या टप्प्यात नदीखालचा बोगदा सुमारे 520 मीटरचा आहे, आणि गाडी तो पाऊण मिनिटात पार करते. त्या पाऊण मिनिटात बोगद्यात निळे दिवे लागलेले दिसतात. मुलं खूश होतात. हावड्याचं मेट्रो स्टेशन जमिनीखाली तीस मीटरहून खोल आहे, सरकत्या जिन्यांवरून उतरतानाच ते जाणवतं. गुडघेदुखीवाल्यांसाठी, भर उन्हासाठी, परतीच्या गाडीला उशीर होत असेल तेव्हा मेट्रोसारखं दुसरं साधन नाही. फक्त तिच्यातून पूल दिसत नाही.

तेव्हा खरी निवड चालणं आणि लाँच यांच्यातच आहे.

पायी

पूल 705 मीटर लांब आहे. नुसतं चालायला दहा-बारा मिनिटं लागतात, थांबत-बघत गेलात तर अर्धा तास. दोन्ही बाजूंना जवळजवळ साडेचार मीटर रुंद फूटपाथ आहे, आणि तो कमी पडतो. रोज लाखभर गाड्या आणि त्याहून जास्त पायी माणसं इथून जातात. डोक्यावर पाटी, पाटीवर कोंबड्यांचे पिंजरे, केळीचे घड, कापडाचे गठ्ठे. हमाल जवळजवळ धावतच असतात आणि मागून "शोरुन, शोरुन" अशी आरोळी येते, म्हणजे सरका बाजूला. ती ऐकू आली की लगेच कठड्याला चिकटून उभं राहायचं. मधोमध थांबून सेल्फी काढणाऱ्याला इथे कोणी थारा देत नाही, आणि ते रास्तच आहे; त्या माणसांच्या मानेवर चाळीस-पन्नास किलो असतात.

चालणाऱ्याला जे मिळतं ते दुसऱ्या कोणालाच मिळत नाही. बस गेली की पायाखालची जमीन थरथरते. पहिल्यांदा पोटात गोळा येतो. मग लक्षात येतं की आपण उभे आहोत तो रस्ता खालून कशावर टेकलेलाच नाही, वरच्या सांगाड्याला टांगलेला आहे. फूटपाथच्या कडेने ओळीने जे पोलादी खांब वर जाताना दिसतात ते खरं तर खांब नाहीत, हँगर आहेत. त्यांनी रस्ता उचलून धरलाय. हात लावून बघा. बोटांना रिव्हेटची गोल डोकी लागतील, एकाशेजारी एक, हजारोंनी. या पुलात नट-बोल्ट नाहीत, सगळी जोडणी रिव्हेटची. एकूण साडेसव्वीस हजार टन पोलाद लागलं आणि त्यातलं 23,000 टन टाटांच्या जमशेदपूरच्या कारखान्याने पुरवलं. टिस्क्रोम नावाचं जास्त ताकदीचं पोलाद त्यासाठी तयार झालं. महायुद्ध सुरू झाल्यावर विलायतेहून माल येणं अवघड झालं होतं, त्या दिवसांत हे काम आपल्या पोलादावर उभं राहिलं. त्या रिव्हेटवर हात ठेवताना मला दर वेळी भरून यायचं, आजही येतं.

त्याच हँगरच्या बुडाशी वाकून बघा. तिथे फायबरग्लासची आवरणं दिसतील. पान-गुटख्याच्या पिचकाऱ्यांनी, त्यातल्या चुन्याने, खालची पोलादी झाकणं इतकी खाल्ली की सहा मिलिमीटर जाडीची झाकणं काही वर्षांत तीनच्याही आत आली. मग ही आवरणं बसवावी लागली. जपानी बॉम्बची भीती असताना उभा राहिलेला हा पूल थुंकीने झिजावा, याचा मला अजून संताप येतो. आपल्यापैकी कोणी तिथे थुंकू नये, एवढंच माझं हात जोडून सांगणं आहे.

चालण्याचं दुसरं मोठं देणं म्हणजे मल्लिक घाटाचा फुलबाजार. कोलकात्याच्या टोकाला, दक्षिणेकडच्या फूटपाथवरून जिना उतरला की थेट त्यातच. हा घाट 1855 सालचा. झेंडूच्या माळांचे पिवळे-केशरी ढीग माणसाच्या उंचीचे, कोणी माळांची वळकटीच खांद्यावर टाकून चाललेलं, कालीमातेसाठी लाल जास्वंदाच्या माळा, निशिगंधाच्या काठ्या ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या. माळांचा हिशेब कुडीवर चालतो, एक कुडी म्हणजे वीस. आपल्याकडे जुने लोक कोडी म्हणतात तीच ही. माझ्या आत्याने तिथे पहिल्याच दिवशी "एक कोडी" म्हटलं आणि फुलवाल्याला ते बरोबर कळलं, तेव्हा दोघांच्या चेहऱ्यावर जे हसू आलं ते मी विसरणार नाही. खाली चिखल आणि सडकी पानं असतात. घसरणाऱ्या चपला नकोत, जमिनीवर लोळणारी साडी किंवा ओढणी नको.

लाँचमधून

लाँच म्हणजे इथली फेरी बोट. तिकीट चहाच्या किमतीतलं, बाकडी साधी, प्रवासी रोजचे. धक्का हावडा स्टेशनाच्या समोरच, रस्ता ओलांडला की.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण यात बरेच जण फसतात. धक्का पुलाच्या दक्षिणेला आहे. बाबूघाट, फेअरली किंवा आर्मेनियन घाटाला जाणारी लाँच पुलाखालून जातच नाही. ती पुलाकडे पाठ करून निघते. पुलाखालून जायचं असेल तर उत्तरेची लाँच पकडायची, अहिरीटोला-बागबाजारच्या बाजूची. पहिल्या वेळी मीही दक्षिणेच्या लाँचमध्ये बसले होते, आणि शेजारी बसलेला सहा वर्षांचा मुलगा दर दोन मिनिटांनी विचारत होता, "मावशी, खालून कधी?"

दोन्ही लाँचची मजा वेगळी. दक्षिणेच्या लाँचमधून मागे वळून बघितलं की पूल पूर्ण आडवा पसरलेला दिसतो, दोन्ही तीर धरून. फोटो हवा तर हीच. उत्तरेच्या लाँचमध्ये पूल अंगावर येतो. सावली पडते, आवाज बदलतो, वरून वाहनांचा घरंगळता गडगडाट ऐकू येतो आणि मान मोडेपर्यंत वर बघितलं तरी सांगाड्याचं जाळं संपत नाही.

पुलाची रचना कळते ती पाण्यावरूनच. नदीच्या पात्रात एकही खांब नाही. समजा, समोरासमोरच्या दोन गच्च्यांवर दोन माणसं उभी आहेत, दोघांनी हात पुढे पसरलेत, आणि पुढे तोल जाऊ नये म्हणून दोघांना मागून कोणीतरी कमरेला घट्ट धरलंय. त्यांच्या हातांवर मधे एक फळी ठेवली. झाला हावडा ब्रिज. पुढे आलेला प्रत्येक हात 468 फुटांचा, मधली फळी 564 फुटांची. मिळून दोन मनोऱ्यांमधलं अंतर 1500 फूट. लाँच मधोमध आली की ही फळी कुठे सुरू होते आणि कुठे संपते ते शोधा. सापडतं.

हे असं का केलं, तर आधी इथे 1874 पासून तराफ्यांवर तरंगणारा पूल होता. जहाजं जायची म्हणजे तो मधून उघडायचा, आणि तेवढा वेळ दोन्ही तीरांवरची रहदारी खोळंबायची. नवा पूल 1936 साली बांधायला घेतला आणि फेब्रुवारी 1943 मध्ये वाहतुकीला खुला झाला. जपानी विमानांच्या भीतीने समारंभ झाला नाही. रात्री पहिली गाडी गेली ती एक ट्राम. त्याच वर्षी बंगालात दुष्काळ पडला आणि अन्नासाठी गावंच्या गावं कोलकात्याकडे लोटली. संध्याकाळी लाँचमधून दिव्यांनी उजळलेला पूल बघताना मला हे आठवतं.

मराठी माणसाने बागबाजारपर्यंत जाण्याला आणखी एक कारण आहे. नागपूरकर भोसल्यांच्या फौजेची धास्ती घेऊन 1742 साली कोलकातेकरांनी शहराभोवती खंदक खणायला सुरुवात केली, तो मराठा डिच. खंदक कधीच बुजला, पण बागबाजारात मराठा डिच लेन नावाची गल्ली आहे. आपल्या नावाने तिथे अजून मुलांना झोपवतात, बर्गी, म्हणजे मराठा स्वार, आले म्हणून. ती स्वारी त्या लोकांना काय भोगायला लावून गेली, हे त्या गल्लीत उभं राहिल्यावर वेगळं जाणवतं.

सोबत कोण आणि वेळ कोणती

चालायचं तर पहाटे. पूर्वेकडे असल्यामुळे इथे फार लवकर उजाडतं. जूनमध्ये पाचच्या आतच, डिसेंबरात सव्वासहाच्या सुमाराला. उजाडताना पुलावर असलात तर गर्दी आटोक्यात असते आणि फुलबाजार ऐन भरात. संध्याकाळी सहाला ज्येष्ठांना घेऊन पुलावर जाऊ नका. मी एकदा मावशीला नेलं होतं. कामावरून सुटलेली सगळी माणसं स्टेशनाकडे निघालेली आणि आम्ही उलट्या दिशेने. अर्ध्यात ती कठडा धरून उभी राहिली, म्हणाली, "मला पुढेही नको आणि मागेही नको." चूक माझीच होती. गर्दीच्या वेळी गर्दीच्याच दिशेने चालायचं, एवढं साधं मला सुचलं नव्हतं.

लाँच संध्याकाळी, दिवे लागायच्या थोडं आधी. पण गुडघे दुखत असतील तर एक सांगते. धक्के तरंगते आहेत, आणि हुगळीला इथेही भरती-ओहोटी असते. भरतीला उतरणीचा पूल जवळजवळ सपाट असतो, ओहोटीला तोच चांगला उताराचा होतो. काठी असेल तर घ्या आणि लाँच पूर्ण टेकल्याशिवाय पाय टाकू नका. रविवारी फेऱ्या कमी असतात. परतीची शेवटची लाँच किती वाजता, हे तिकिटाच्या खिडकीवरच विचारून ठेवा.

फोटोचं म्हणाल तर पुलावर पूर्वी बंदी होती. फोनने काढलेत तर कोणी फारसं हटकत नाही, मोठा कॅमेरा काढलात आणि पोलिसांनी हटकलं तर हुज्जत न घालता आत ठेवा. लाँचमधून किंवा घाटावरून निवांत काढता येतात.

आता माझं मत. पाय धड असतील आणि पहाटे उठायची तयारी असेल तर चाला, हावड्याकडून कोलकात्याकडे, दक्षिणेच्या फूटपाथने. एकच गोष्ट करता येणार असेल तर हीच करा. लाँचमधून दिसणारं दृश्य जास्त देखणं आहे हे मला मान्य आहे. पण देखणं दृश्य फोटोतही मिळतं, पायाखालचा थरथराट मिळत नाही. आई-वडील सत्तरीपुढचे असतील, लहान मूल कडेवर असेल, किंवा दुपारीच वेळ मिळत असेल, तर बिनदिक्कत लाँच, आणि ती उत्तरेची.

अख्खा दिवस असेल तर निवडायची गरजच नाही. पहाटे पूल, मग फुलबाजार, बाजाराबाहेर गरम कोचुरी-आलूची तरकारी आणि मातीच्या भांड्यातला चहा. दुपारी आराम. संध्याकाळी बाबूघाटाहून लाँच घेऊन हावड्याला यायचं, म्हणजे पूल समोरून हळूहळू मोठा होत येतो. त्या लाँचमध्ये डाव्या-उजव्या बाकाचा विचार न करता थेट पुढे, नाळेकडे उभं राहायला मिळतंय का ते बघा.

मावशी दुसऱ्या दिवशी तशीच आली. पूल जवळ आला तेव्हा तिने वर बोट दाखवून मला विचारलं, "मी काल उभी होते ती जागा कुठली गं?"