‘सकाळची गोळी घेतली का?’ : आठवड्याच्या गोळ्यांच्या डबीचे परीक्षण

रक्तदाब, मधुमेह, थायरॉईड यांपैकी एखादे दुखणे घरात शिरले की त्याच्या मागोमाग रोजच्या गोळ्या येतात आणि त्या बहुतेक वेळा आयुष्यभर घ्याव्या लागतात. औषध अचूक लिहून दिलेले असले आणि वेळेवर विकत आणलेले असले, तरी ते रोज पोटात जातेच असे नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २००३ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार, विकसित देशांतसुद्धा दीर्घकालीन आजारांचे सरासरी निम्मेच रुग्ण औषधे सांगितल्याप्रमाणे घेतात, आणि विकसनशील देशांत हे प्रमाण त्याहूनही कमी आहे. यावर बाजारात मिळणारा सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे सात दिवसांचे खण असलेली प्लॅस्टिकची डबी. आधी माझ्या आईसाठी आणि पुढे सासऱ्यांसाठी आम्ही घरात अशा निरनिराळ्या डब्या वापरल्या असून हे परीक्षण त्या वापरावर आधारलेले आहे.

सध्या आईकडे असलेली डबी ही मुळात सात सुट्या पट्ट्या आणि त्या बसवायचे एक तबक अशी आहे. प्रत्येक पट्टी एका दिवसाची, तिच्यावर सकाळ, दुपार, संध्याकाळ आणि रात्र असे चार खण, आणि प्रत्येक खणाला स्वतंत्र झाकण. किंमत साधारण तीनशे रुपयांच्या घरात. एका दिवसाला एकच खण असलेल्या साध्या डब्या याच्या निम्म्या किमतीत मिळतात. परंतु दिवसातून दोन किंवा अधिक वेळा औषधे असणाऱ्याला त्यांचा उपयोग नाही, कारण एकाच खणात मिसळलेल्या गोळ्यांतून सकाळची कोणती आणि रात्रीची कोणती हे शोधत बसावे लागते.

औषध घेण्याचे विसरू नये म्हणून ही डबी घ्यावी, असे तिच्या वेष्टनावर लिहिलेले असते. माझ्या मते तिचा खरा उपयोग निराळा आहे, आणि तो समजून घेण्यासाठी सवय कशी लागते हे थोडे पाहायला हवे. एखादी कृती ठरलेल्या प्रसंगाला जोडून पुन्हा पुन्हा केली की काही काळाने त्या प्रसंगासरशी ती आपसूक होऊ लागते आणि तिच्यासाठी वेगळा विचार करावा लागत नाही. युनिव्हर्सिटी कॉलेज लंडन येथील फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९६ जणांना न्याहारीनंतर, जेवणाबरोबर अशा ठरावीक प्रसंगी खाण्यापिण्याची किंवा व्यायामाची एक नवी कृती १२ आठवडे करायला सांगितली होती. २०१० साली छापून आलेल्या त्या अभ्यासात सवय अंगवळणी पडायला लागलेल्या काळाचा मध्य ६६ दिवसांचा निघाला, पण माणसामाणसांतला फरक मोठा होता : कोणाला १८ दिवस पुरले, तर कोणाला २५४ दिवस लागतील असा अंदाज आला. एकवीस दिवसांत सवय लागते, हे जे सर्रास सांगितले जाते त्याला या अभ्यासात आधार सापडत नाही. मधला एखादा दिवस चुकल्याने घडत आलेली सवय मोडत नाही, हेही त्यात दिसले, आणि नव्याने औषधे सुरू झालेल्या माणसाला हे जरूर सांगावे.

मात्र सवय लागली की एक वेगळीच अडचण उभी राहते. जी कृती विचार न करता होते, ती केल्याची आठवणही ठळक राहत नाही. आई सकाळी पूजा आटोपून रक्तदाबाची गोळी घेते. तासाभराने फुलवाती वळताना तिचा हात मध्येच थांबतो आणि ती विचारते, “अगं, मी गोळी घेतली का गं? पाणी प्यायलेलं आठवतंय, पण ते आजचं की कालचं?” ती विसराळू नाही, वाण्याची उधारी आणि नातवंडांच्या परीक्षांच्या तारखा तिला तोंडपाठ असतात. रोज एकाच जागी, एकाच प्याल्याने घेतलेल्या गोळीचा आजचा दिवस कालच्या दिवसापासून वेगळा कसा काढायचा, हा तिचा प्रश्न असतो. अशा वेळी माणूस अंदाजाने वागतो आणि दोन्हीकडून धोका पत्करतो : घेतली असेल असे समजून गोळी राहते, किंवा राहिली असेल असे समजून दुसऱ्यांदा घेतली जाते. रक्तदाबाची किंवा साखरेची गोळी दुप्पट पोटात गेली तर चक्कर येऊन पडण्यापर्यंत मजल जाऊ शकते. डबी या प्रश्नाचे उत्तर क्षणात देते. सोमवारच्या सकाळचा खण रिकामा असेल तर गोळी घेतली आहे, आणि भरलेला असेल तर घेतलेली नाही.

दिवस दाखवणारी गोळ्यांची डबी अमेरिकेत तयार झाली तीही याच प्रश्नातून. इलिनॉय राज्यातल्या जिनिव्हा गावी राहणारे डेव्हिड वॅग्नर नावाचे अभियंते होते. त्यांची पत्नी गर्भनिरोधक गोळ्या घेत असे आणि आजची गोळी घेतली की नाही हा प्रश्न घरात वारंवार उपस्थित होई. त्यांनी आधी कागदावर वार लिहून प्रत्येक वारावर एकेक गोळी ठेवून पाहिली. ती मांडणी विस्कटल्यावर त्यांनी फिरत्या तबकडीची प्लॅस्टिकची डबी घडवली आणि १९६२ साली तिच्या पेटंटसाठी अर्ज केला. तो पहिला नमुना आता स्मिथसोनियन संस्थेच्या संग्रहालयात आहे. आपल्याकडच्या ‘माला-एन’ आणि ‘माला-डी’ या गर्भनिरोधक गोळ्यांच्या पाकिटांतही असाच बारकाईचा विचार दिसतो. त्यांत संप्रेरकाच्या २१ गोळ्यांनंतर लोहाच्या ७ गोळ्या असतात. रक्तवाढीला त्यांची मदत होतेच, शिवाय मधले सात दिवस मोजत बसण्याची गरज न उरता रोज एक गोळी घेण्याचा क्रम अखंड राहतो. सवयीत खंड पडू न देणे हा औषधाच्याच योजनेचा भाग कसा करावा, याचे याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही.

डबी निवडताना म्हणूनच मी सर्वांत आधी झाकण पाहते. ते इतके पारदर्शक हवे की खण रिकामा आहे की भरलेला, हे न उघडता चार हातांवरूनही दिसावे. आमची पहिली डबी गडद निळ्या झाकणांची होती, दिसायला देखणी होती, आणि तिचा मुख्य उपयोगच त्या रंगाने झाकून टाकला होता. झाकणाची पकड हा दुसरा मुद्दा. ती सैल असेल तर पिशवीत झाकणे उघडून बुधवारच्या गोळ्या गुरुवारात जातात. फार घट्ट असेल तर संधिवाताने बोटे वाकलेल्या माणसाला ती उघडतच नाहीत. आई अंगठ्याचे नख कडेखाली घालून झाकण उचलते. सासऱ्यांच्या बोटांना ते जमत नसे आणि त्यांना दर वेळी कोणाला तरी हाक मारावी लागे. स्वतःच्या औषधासाठी दुसऱ्याला बोलवावे लागणे माणसाला लागते, आणि त्यापायी तो औषधच टाळू लागतो. त्यांच्यासाठी पुढे दाबताच उघडणाऱ्या झाकणांची डबी आणली. दुकानात डबी हातात घेऊन, बंद करून उलटी हलवून पाहावी, आणि शक्य असेल तर जी व्यक्ती वापरणार तिच्याच हातांनी उघडून पाहावी.

सर्वांत मोठा दोष अक्षरांचा आहे. आम्ही पाहिलेल्या जवळजवळ सर्व डब्यांवर वारांची इंग्रजी आद्याक्षरे होती, म्हणजे शनिवार आणि रविवार या दोघांनाही ‘एस’ आणि मंगळवार व गुरुवार या दोघांनाही ‘टी’. इंग्रजी वाचणाऱ्याचाही इथे गोंधळ होतो; केवळ मराठी वाचणाऱ्या आजी-आजोबांना तर या डबीने काहीच सांगितलेले नसते. आम्ही पांढऱ्या चिकटपट्टीवर सो, मं, बु, गु, शु, श, र अशी ठसठशीत अक्षरे लिहून चिकटवली. ज्या देशात या वस्तूचा वापर करणारे कोट्यवधी लोक इंग्रजी वाचत नाहीत, तिथे देवनागरी अक्षरांची डबी सहज मिळू नये, ही उत्पादकांनी मनावर घेण्याची गोष्ट आहे.

‘सकाळ’ हा एकच खण पुरत नाही, ही दुसरी उणीव. थायरॉईडची गोळी उपाशीपोटी, चहा-न्याहारीच्या अर्धा ते एक तास आधी घ्यायची असते. मधुमेहावरचे मेटफॉर्मिन खाण्याबरोबर किंवा खाल्ल्यावर घ्यायचे असते. आणि कॅल्शियम किंवा लोहाची गोळी थायरॉईडच्या गोळीपासून चार तास लांब ठेवावी लागते. तीन-चार खणांच्या डबीत या साऱ्यांची एकाच ठिकाणी गर्दी होते. आईची थायरॉईडची गोळी आम्ही तिच्या मूळ बाटलीतच, उशापाशी पाण्याच्या तांब्याजवळ ठेवली असून डबी न्याहारीनंतरच्या औषधांपासून सुरू होते.

मोबाइलच्या गजराने हेच काम होणार नाही का, असे अनेकजण विचारतात. गजर भाजी निवडताना, रिक्षात किंवा शेजाऱ्यांशी बोलताना वाजतो, बोट फिरवून बंद होतो, आणि गोळी खरोखर गिळली का हे त्याला कळत नाही. युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनमधल्याच संशोधकांनी २०१५ साली असे दाखवले की आठवण करून देणाऱ्या सूचनांमुळे कृती होत राहते, पण ती आपसूक होऊ लागण्यात त्यांचा अडथळाच होतो. उलट रोजच्या एखाद्या घटनेला जोडलेली कृती लवकर अंगवळणी पडते. मराठी घरात अशा घटनांना तोटा नाही. पहिला चहा, देवपूजा, दुपारचे जेवण, दिवेलागण, रात्री अंथरूण घालणे, यांपैकी जी गोष्ट न चुकता घडते तिच्याशेजारी डबी ठेवावी. आईची डबी देवघराजवळच्या फळीवर असते, कारण पूजा कधीच चुकत नाही आणि दिवा लावताना ती पुन्हा तिथेच येते. स्वयंपाकघरात शेगडीजवळ डबी ठेवू नये. वाफेने आणि उष्णतेने गोळ्या खराब होतात.

घटनेला जोडलेली सवय ती घटना हलली की मात्र डगमगते. संकष्टीला जेवण चंद्रोदयानंतर होते, एकादशीला होतच नाही, लग्नघरी पंगत उठेपर्यंत तीन वाजतात, आणि जेवणाला बांधलेली गोळी त्यांच्याबरोबर पुढे सरकते किंवा राहून जाते. मधुमेहाच्या काही गोळ्या उपाशीपोटी घेतल्यास साखर धोकादायकरीत्या उतरते, म्हणून उपवासाच्या दिवशी काय करायचे हे डॉक्टरांना आधीच विचारून ठेवावे. अशा दिवशी सुटी पट्टी फार कामाची ठरते : बाहेर जाताना तेवढ्या दिवसाची पट्टी पर्समध्ये टाकता येते आणि घरी परतल्यावर उरलेला खण चटकन नजरेस पडतो. राहून गेलेली गोळी पुढच्या वेळेला दुप्पट करून घेऊ नये, हेही घरातल्या सर्वांना ठाऊक असावे.

काही औषधे या डबीत मुळीच ठेवू नयेत. रक्त गोठू न देणारे डॅबिगाट्रान ओलाव्याने खराब होते, म्हणून ते मूळ वेष्टनातच राहू द्यावे. छातीत दुखल्यावर जिभेखाली ठेवायची गोळी रोजच्या क्रमातली नसते. ती वेगळी आणि सतत जवळ हवी. सर्वांत जास्त काळजी आठवड्यातून एकदाच घ्यायच्या औषधांची घ्यावी लागते. आमवातासाठी दिलेले मेथोट्रेक्सेट चुकून रोज घेतले गेल्यास तोंडात व्रण येतात, रक्तपेशी घटतात आणि जिवावर बेतू शकते. अशी गोळी खणात भरताना एकाने भरावे आणि दुसऱ्याने तपासावे. घरात लहान मुले असतील तर डबी त्यांच्या हाती लागणार नाही अशा उंचीवर ठेवावी, कारण जी झाकणे म्हाताऱ्या बोटांना सहज उघडतात ती मुलांनाही उघडतात.

डबी भरणे ही स्वतःच एक साप्ताहिक सवय आहे. आमच्याकडे रविवारी दुपारी जेवणे झाल्यावर वर्तमानपत्र पसरून, चष्मा लावून, डॉक्टरांचा कागद समोर ठेवून आई हे काम करते. आम्ही पाकिटाचे चौकोन कात्रीने कापून टाकत नाही. तसे केले तर गोळीचे नाव आणि मुदत तुकड्यांत हरवते आणि धारदार कडेचा चौकोन गोळीसकट गिळला जाण्याचा धोका राहतो. गोळ्या काढूनच भरतो, पण फक्त एका आठवड्याच्या, कारण झाकणे हवाबंद नसतात आणि पावसाळ्यात, विशेषतः कोकणात, उघड्या गोळ्या लवकर मऊ पडतात. या बैठकीत कोणते औषध संपत आले आहे हे चार दिवस आधी कळते आणि रात्री मेडिकल शोधत फिरावे लागत नाही. डॉक्टरांनी मात्रा बदलली तर त्याच दिवशी संपूर्ण डबी रिकामी करून पुन्हा भरावी लागते. हे काम कंटाळवाणे आहे, पण ते पुढच्या रविवारवर ढकलता येत नाही.

दिवसाला एकच गोळी असणाऱ्याने ही डबी घ्यायची गरज नाही. पाकिटाच्या पाठीवर पेनाने वार लिहिले तरी तेच काम होते. ज्यांना विस्मरणाचा आजार आहे त्यांच्या बाबतीत डबी भरणे आणि तपासणे ही दोन्ही कामे दुसऱ्या व्यक्तीकडेच असावीत. तीन किंवा अधिक औषधे घेणाऱ्या आणि स्वतःचे स्वतः पाहणाऱ्या ज्येष्ठांसाठी मात्र पारदर्शक झाकणांची, चार खणांची, सुट्या पट्ट्यांची डबी मी निःसंकोचपणे सुचवते. बिजागरीच्या ठिकाणी प्लॅस्टिक जाड आहे ना हे पाहून घ्यावे, कारण आमच्या दोन्ही जुन्या डब्या तिथेच तुटल्या.