कोल्ड स्नेअर की हॉट स्नेअर? सिग्मॉइडमधला पॉलिप काढताना

सिग्मॉइड म्हणजे मोठ्या आतड्याचा शेवटाकडचा वळणदार भाग. तिथला पॉलिप (अस्तरावर वाढलेली गाठ) 10 मिमीपेक्षा लहान आणि बसका, म्हणजे बिनदेठाचा, असेल तर कोल्ड स्नेअरच (विजेच्या करंटशिवाय कापणारा तारेचा फास) बरा. तारेचा फास टाकताना भोवतीची 1–2 मिमी निरोगी अस्तरही आत घ्यायचं आणि करंट न देता सरळ आवळून कापायचं. लगेच थोडं रक्त झिरपतं, पाहणारा दचकतो. पण ते बहुधा आपोआप थांबतं. भाजणं नसल्याने आतड्याच्या खोल थराला इजा क्वचितच होते.

जाड देठाच्या पॉलिपला मात्र हॉट स्नेअर (करंट देऊन कापणारा फास) लागतो, कारण देठात रक्तवाहिनी असते. फास देठावर आवळून, भिंतीपासून आतल्या पोकळीकडे ओढून धरायचा, मगच करंट. पॉलिपचं डोकं समोरच्या भिंतीला टेकलं तर तिथेही भाजतं. डोकं 20 मिमी किंवा देठ 10 मिमीहून मोठा असेल तर रक्तस्राव टाळायला आधी ॲड्रेनॅलिनचं इंजेक्शन किंवा देठ दाबून धरणारी क्लिप. खपली सुटून रक्तस्राव दोन आठवड्यांपर्यंत कधीही होऊ शकतो.

एक गोष्ट हमखास विसरली जाते: फक्त एनिमा देऊन सिग्मॉइडोस्कोपी (सिग्मॉइडपर्यंतची दुर्बिणीची तपासणी) केली असेल तर करंट वापरू नये. वर उरलेल्या मळातला हायड्रोजन, मिथेन पेट घेऊ शकतो. अशा वेळी पूर्ण पोटसफाई करून पुन्हा बोलवावं.