भयकथांच्या मर्यादित आवृत्तीला पेटी हवी? सांगलीतलं बाइंडिंगचं काम

गणपती पेठेजवळच्या या बाइंडरकडे पुस्तकाच्या मापाची पेटी करून मिळते. हात सफाईचा, पण सूचना मात्र आपणच द्यायच्या. ३ मिमी पुठ्ठा, वरून बाइंडिंगचं कापड, आतून आम्लविरहित कागद. उंची-रुंदीला २ मिमी मोकळीक सांगाच. घट्ट पेटीत जॅकेटच्या, म्हणजे पुस्तकावरच्या सुट्या कागदी वेष्टनाच्या, कडा फाटतात. पुठ्ठ्याचा ग्रेन, म्हणजे त्यातल्या तंतूंची दिशा, उंचीला समांतर हवा, नाहीतर पावसाळ्यात झाकण वाकतं. इथे एक वाकलेलंच आलं. कुरकुर न करता बदलून मिळालं.

खरी गोम खळीत आहे. नवी पेटी आठवडाभर उघडी वाळवा. आत ओल राहिली की कृष्णाकाठच्या दमट हवेत बुरशी धरलीच म्हणून समजा.

स्टीफन किंगच्या ‘फायरस्टार्टर’ कादंबरीच्या १९८० मधल्या अक्षरांकित (क्रमांकाऐवजी A ते Z अक्षर दिलेल्या) २६ प्रती ॲल्युमिनियमचा थर दिलेल्या ॲस्बेस्टॉस कापडात बांधल्या होत्या. असलं घबाड कुणाकडे असेलच, तर प्रत दुकानात नेऊ नका. कापड घासलं की घातक तंतू सुटू शकतात. मापं कागदावर लिहून द्या.

सोनेरी अक्षरं इथे टाकू नका, जोडाक्षरांतल्या बारीक फटी भरून जातात. त्यापेक्षा कागदी लेबल बरं.