पसरणी घाटाखालचा ढाबा: कॅम्पवाल्यांच्या सुट्टीच्या रात्रीसाठी

पाचगणी-भिलार पट्ट्यात एप्रिल-मे मध्ये उन्हाळी शिबिरांत राबणाऱ्या पोरापोरींसाठी हे लिहितेय. दहाला मुलं झोपवायची, तंबूंची फेरी मारायची, उद्याचे हार्नेस, म्हणजे कड्यावर चढताना कमरेला बांधायचे पट्टे, मोजून ठेवायचे. मग ज्याची रात्रपाळी नसते त्याच्या अंगात काय वारं शिरतं ते आपल्यालाच माहीत. दिवसभर 'ताई, ताई' ऐकून कान किटलेले असतात. कुठंतरी जाऊन मोठ्यानं बोलायचं, हसायचं असतं. त्यासाठी घाट उतरून वाईच्या अंगाला लागणारा हा ढाबा मला सगळ्यात आवडतो.

अख्खा मसूर मागवाच. कराड-सांगलीच्या ढाब्यांवरचा हा जिन्नस इथं तसाच जमलाय. दाणा बोटानं दाबला तर मऊ, पण वाटीत अख्खाच्या अख्खा. कांदा-लसूण मसाल्याची तर्री वर तरंगते, लसूण दाताखाली येतो. रोटी तंदूरमधून निघाली की लगेच तोडायची, गार झाली की चिवट होते. खर्डा मागितला तर खलबत्त्यात समोर ठेचून देतात. शेवभाजी ठीकठाक, पनीरच्या वाटेला जाऊ नका.

पण मी इथं जाते ते दुसऱ्या कारणासाठी. आण्णा, म्हणजे मालक, दारू ठेवत नाहीत आणि बाहेरून आणलेलीही बसू देत नाहीत. नव्या पोरांना सुरुवातीला हे बोअर वाटतं. मग कॅरम निघतो, अंताक्षरी रंगते, बाजेवर आडवं पडून आजच्या बॅचच्या गमती सुरू होतात, आणि बाटलीची आठवण कुणाला होत नाही. आपल्यातल्या बऱ्याच जणांना अजून पंचविशीही लागलेली नाही. आपल्या राज्यात कडक दारूसाठी कायद्यानं 25 वर्षं पूर्ण लागतात, हेही त्यांना कुणी सांगत नाही.

आणि सकाळचं काय? रक्तातली दारू तासाला साधारण 15 मिलिग्रॅमनं उतरते. रात्री एक वाजता कुणाच्या 100 मिलिलिटर रक्तात 120 मिलिग्रॅम असेल, तर सहाला 45 उरते. गाडी चालवायची मर्यादा 30 आहे. त्याच हातात सहा वाजता बिलेची, म्हणजे चढणाऱ्याला पडताना धरून ठेवणारी, दोरी असते आणि कड्यावर कुणाचं तरी दहा वर्षांचं पोर लोंबकळत असतं. मला हे सहन होत नाही, म्हणून एवढं लिहिलं.

बाकी रात्रीची ठिकाणं म्हणाल, तर धोम धरणाच्या पाण्यात पोहायची टूम दर सीझनला कुणीतरी काढतंच. मे मध्ये पाणी मागं सरकलेलं असतं, काठाचा गाळ गुडघ्यापर्यंत ओढतो, अंधारात खडक दिसत नाहीत. दिवसा लाइफ जॅकेटचं बकल स्वतः ओढून बघितल्याशिवाय मुलाला पाण्यात पाय टाकू न देणारी माणसं रात्री नुसत्या चड्डीवर उड्या मारतात. पाचगणीच्या टेबललँड पठाराच्या कड्यावर पाय सोडून बसणं, घाटात हेडलाइट बंद करून ट्रिपल सीट उतरणं, हेही तसलंच. ढाब्याला येतानासुद्धा कॅम्पची जीप मिळाली तरच या, बाइकवर नको.

मुलींसाठी सांगते: बाथरूम स्वच्छ आहे, आतून कडी लागते, बाहेर दिवा असतो. फॅमिली टेबलं तंदूरच्या बाजूला आहेत, तिथं कुणी टक लावून बघत बसत नाही. रात्री बाराला आम्ही चौघीच बसलो होतो, तर काकू स्वतः ताक घेऊन आल्या आणि निघताना जीपपर्यंत सोडायला आल्या.

तक्रारी दोन. साडेअकरानंतर ज्वारीची भाकरी संपते, तेव्हा फोन करून सांगून ठेवा. आणि हायवेवरून आत वळायच्या ठिकाणी उजेड अजिबात नाही, नवा ड्रायव्हर हमखास पुढं जातो आणि मग अंधारात रिव्हर्स घेतो. आण्णा, पावसाळ्याआधी तिथं एक बल्ब लावाच.