पाना कोणाचा? रंगाचा पट्टा की कोरलेलं नाव

भोसरीच्या वर्कशॉपमध्ये शिफ्ट बदलली की चौदा एमएमचा पाना हमखास दुसऱ्याच्या पेटीत जातो. खुणेसाठी मारलेला ऑइल पेंटचा पट्टा लांबूनच ओळखू येतो, पण थिनरने उडतो. लंपास करणाऱ्याला एक चिंधी पुरते. कार्बाइड टोकाच्या इलेक्ट्रिक एनग्रेव्हरने कोरलेलं नाव सहज जात नाही. मात्र कोरताना क्रोम प्लेटिंग फुटलं तर तिथे गंज धरतो, म्हणून वरून तेलाचं बोट फिरवायचं. अक्षरांचे पंच, म्हणजे हातोडीने ठोकून अक्षर उमटवायचे ठसे, कडक पान्यावर ठोकू नका. कपची उडून डोळ्यात जाऊ शकते. व्हर्नियरवर, म्हणजे बारीक माप घ्यायच्या कॅलिपरवर, तर ठोकाठोकी नकोच, डबीवर नाव टाका. माझं मत कोरण्याला, जोडीला पिवळा ठिपका असला तर उत्तम. फक्त इन्सुलेटेड, म्हणजे शॉक लागू नये म्हणून आवरण असलेल्या, स्क्रू ड्रायव्हरची मूठ कोरायची नाही, तिला रंगीत टेप गुंडाळा.